गाठ दिसली, मग पुढे?

कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या रस्त्यावर स्कॅन सेंटरच्या पाट्या वाचत गेलं की एक आकडा चढत्या भाजणीने दिसतो : १६ स्लाईस, ६४ स्लाईस, १२८ स्लाईस. नातेवाईकही हल्ली चौकशी करताना तेच विचारतात, ‘मशीन किती स्लाईसचं आहे?’ विचारायला हरकत नाही, पण कर्करोगाच्या बाबतीत या उत्तरातून फारसं काही कळत नाही. एक्स-रे नळी रुग्णाभोवती एकदा फिरली की किती छेद एका दमात मिळतात, त्याचा तो आकडा. धडधडणाऱ्या हृदयाच्या रक्तवाहिन्या टिपायच्या तर तो वेग लागतोच. यकृतातली किंवा फुफ्फुसातली गाठ मात्र १६ स्लाईसच्या मशीनवर, कॉन्ट्रास्टची वेळ साधून, नीट काढलेल्या स्कॅनमध्ये जितकी उलगडते तितकी १२८ स्लाईसवर घाईने उरकलेल्या स्कॅनमध्ये उलगडत नाही.

सीटी स्कॅनच्या पन्नासाहून अधिक वर्षांचा हिशेब मांडायला बसलं की एक विसंगती पुढे येते. चित्र दर दशकात सुधारत गेलं. पण निरोगी दिसणाऱ्या माणसांत कर्करोगाने होणारे मृत्यू सीटीमुळे घटतात याचा सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो मुद्दाम भरड ठेवलेल्या, कमी रेडिएशनच्या चित्रांतून. आणि त्यातला सर्वांत उपयोगी भाग तर निव्वळ गणिताचा होता. तिथे पोचण्याआधी थोडं मागे जायला हवं.

या यंत्राचा जन्मच मेंदूतल्या गाठीच्या संशयावर झाला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका स्त्रीच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन काढला गेला. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड ईएमआय कंपनीत अभियंते होते आणि चित्र वाचणारे डॉक्टर होते जेम्स ॲम्ब्रोज. तोवर मेंदूतली गाठ शोधायची तर पाठीच्या कण्यातून सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि एक्स-रे घ्यायचे, असा जीवघेणा प्रकार होता. गाठ तेव्हाही दिसत नसे. तिने हवेला कुठे ढकललंय एवढंच दिसे. नव्या यंत्राने गाठ स्वतः दाखवली. हाउन्सफिल्डच्या प्रयोगशाळेतलं आधीचं कच्चं यंत्र लेथच्या सांगाड्यावर उभं होतं आणि त्याला एका चित्राची मोजमापं घ्यायला नऊ दिवस लागत. पहिल्या रुग्णाचं चित्र ८० बाय ८० चौकटींचं, म्हणजे ६,४०० ठिपक्यांचं होतं. आजच्या साध्या सीटीच्या एका छेदात ५१२ बाय ५१२, म्हणजे अडीच लाखांहून अधिक ठिपके असतात, आणि असे शेकडो छेद काही सेकंदांत निघतात.

बीटल्सच्या रेकॉर्ड विकून ईएमआयने मिळवलेल्या पैशातून सीटी स्कॅन जन्मला, ही गोष्ट फार आवडीने सांगितली जाते. नंतरच्या अभ्यासकांनी कागदपत्रं चाळली, तेव्हा कंपनीपेक्षा ब्रिटनच्या सरकारी आरोग्य खात्याने जास्त पैसा घातल्याचं निघालं. गोष्ट मात्र अजून बीटल्सचीच चालते. १९७९ चं नोबेल हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना विभागून मिळालं. कॉरमॅक यांनी हेच गणित १९६३-६४ मध्येच छापलं होतं आणि त्याकडे जवळजवळ कुणी पाहिलंही नव्हतं.

सीटी हा नुसता फोटो नाही. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो : पाणी शून्य, हवा उणे एक हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, हाड काही शेकड्यांपासून हजारापर्यंत. या मोजपट्टीला हाउन्सफिल्डचंच नाव आहे. अडचण अशी, की गाठ आणि तिच्या शेजारचा निरोगी मांसल भाग यांचे आकडे जेमतेम दहा-वीसने वेगळे असतात, कधी तेवढेही नाही. साध्या स्कॅनमध्ये यकृतातली गाठ यकृतातच विरघळून जाते. म्हणून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट शिरेतून द्यावं लागतं, म्हणून आधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात, आणि म्हणूनच ‘प्लेन करून टाका, स्वस्त पडतं’ हा सल्ला कर्करोगाच्या शोधात बहुतेक वेळा महाग पडतो.

कॉन्ट्रास्ट दिलं तरी ते शरीरात क्षणोक्षणी पुढे सरकत असतं. जुनी यंत्रं एक छेद घ्यायची, टेबल सरकायचं, रुग्णाने पुन्हा श्वास रोखायचा; यकृत संपेपर्यंत कॉन्ट्रास्ट केव्हाच पुढे गेलेलं असायचं. १९८९ च्या सुमारास विली कालेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळी अखंड फिरती आणि टेबल अखंड सरकतं ठेवून सर्पिल स्कॅन करून दाखवला. १९९८ मध्ये एका फेऱ्यात चार छेद घेणारी यंत्रं आली, २००४ च्या सुमारास ६४. कर्करोगासाठी खरी क्रांती ही होती, कारण एका श्वासात पूर्ण पोट स्कॅन होऊ लागलं आणि कॉन्ट्रास्ट कुठे असताना चित्र घ्यायचं हे ठरवता येऊ लागलं.

याचा कस लागतो यकृतात. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं आणि एक चतुर्थांश धमनीतून. यकृताच्या मूळ कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. त्यामुळे इंजेक्शननंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास, कॉन्ट्रास्ट धमनीत असताना, गाठ उजळते आणि भोवतालचं यकृत अजून काळपटच असतं. मिनिटभराने पोर्टल शिरेतून कॉन्ट्रास्ट येऊन यकृत उजळतं आणि गाठ फिकी पडते. आधी उजळणं, मग धुतलं जाणं, ही जोडी सिरोसिस झालेल्या यकृतात पुरेशा मोठ्या गाठीत स्पष्ट दिसली, तर सुई न टोचता कर्करोगाचं निदान मान्य होतं. शरीरातल्या बहुतेक कर्करोगांना बायोप्सीशिवाय गत्यंतर नसताना इथे चित्रावर निदान ठरतं. पण धमनीचा टप्पा दहा सेकंदांनी चुकला तर २५६ स्लाईसचं यंत्रही ते दाखवू शकत नाही. टेक्निशियनचं घड्याळ इथे यंत्राच्या किमतीपेक्षा मोलाचं. मे २०२२ मध्ये शांघायमधला कॉन्ट्रास्टचा एक कारखाना कोविडच्या टाळेबंदीत अडकला, तर अमेरिकेतल्या रुग्णालयांना स्कॅन पुढे ढकलावे लागले होते. सगळा डोलारा एका बाटलीवर उभा आहे याची तेवढ्यापुरती आठवण झाली.

गाठ सापडली, औषध सुरू झालं. आता ती कमी होते आहे का? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. १९७६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या मर्टेल आणि हॅनली यांनी एक खोडकर प्रयोग छापला. मऊ गादीवर बारा गोळे ठेवले, वर फोमचा थर पसरला आणि सोळा अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना ते चाचपून मोजायला सांगितलं. गोळे अर्थातच वाढत नव्हते, घटत नव्हते. तरीही ‘पाव हिस्सा कमी झाला’ हा निकष लावला तर निव्वळ हातांच्या फरकामुळे कितीतरी वेळा औषध लागू पडल्याचा भास व्हायचा. निम्म्याने घट हा निकष घेतला तेव्हा ती चूक दहा टक्क्यांच्या आत आली. क्षेत्रफळ निम्मं होणं म्हणजे व्यास सुमारे तीस टक्क्यांनी घटणं. २००० साली ठरलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या ‘रेसिस्ट’ निकषांत औषधाला प्रतिसाद मिळाल्याची रेषा तीस टक्क्यांवरच आखलेली आहे, आणि आज जगभरात सीटीवर गाठी मोजल्या जातात त्या याच निकषांनी. चाचपणाऱ्या हातांच्या चुकीतून आलेली रेषा अर्ध्या मिलिमीटरचा छेद घेणाऱ्या यंत्रावर अजून राज्य करते आहे.

ती अगदीच चालत नाही असं नाही. पण इमॅटिनिब हे औषध आल्यावर तिची मर्यादा उघडी पडली. जठर-आतड्यांच्या ‘जिस्ट’ नावाच्या गाठींवर ते इतकं प्रभावी, की रुग्ण महिन्याभरात हिंडू-फिरू लागे, आणि सीटीत मात्र गाठ तेवढीच, कधी किंचित मोठीसुद्धा. गाठ आतून मरून द्रवासारखी झालेली असे. २००७ मध्ये चोई आणि सहकाऱ्यांनी सुचवलं, की आकारासोबत घनताही मोजा. हाउन्सफिल्डचा आकडा पंधरा टक्के उतरला तरी औषध लागू पडतंय असं धरा. चांगलं चालणारं औषध ‘गाठ कमी झाली नाही’ म्हणून बंद करण्याची चूक त्यामुळे टळू लागली. इम्युनोथेरपीत तर कधी कधी गाठी आधी फुगतात आणि मग आटतात. रिपोर्टच्या शेवटी ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ असं एक वाक्य असतं आणि त्याची चेष्टाही होते, पण अशा वेळी ते अक्षरशः खरं असतं.

आकाराच्या पलीकडे जाण्याचा दुसरा रस्ता होता गाठीची भूक मोजण्याचा. कर्कपेशी ग्लुकोज अधिक ओढतात. फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोज, म्हणजे एफडीजी, शिरेतून दिलं की पेट स्कॅनमध्ये अशा जागा चमकतात. पण नुसत्या पेटमध्ये ती चमक नेमकी कुठल्या अवयवात आहे ते धूसर राही. डेव्हिड टाउनसेंड आणि रॉन नट यांनी पेट आणि सीटी एकाच यंत्रात, एकाच टेबलावर आणले. १९९८ मध्ये पहिलं यंत्र पिट्सबर्ग विद्यापीठात बसलं. भारतात याची सुरुवात मुंबईच्या परळमध्ये झाली. तिथल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला आणि २००४ च्या अखेरीस टाटा मेमोरियल रुग्णालयात देशातलं पहिलं पेट-सीटी आलं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. सकाळी सहाला तयार झालेला डोस साडेअकराला आठव्या हिश्श्यावर येतो. पेट-सीटी कुठल्या गावात चालेल हे म्हणूनच रस्ता आणि वाहतूक यांवरही ठरतं.

पेट-सीटीने उपचार कमी केले, ही त्याची कमाई मला गाठी शोधण्याइतकीच मोठी वाटते. हॉजकिन लिम्फोमात दोन आवर्तनांनंतरचा पेट-सीटी स्वच्छ निघाला, तर फुफ्फुसांना इजा करणारं ब्लिओमायसिन पुढे वगळता येतं, हे २०१६ च्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं. त्याच वर्षी ब्रिटनमधली, डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या ५६४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. केमो-रेडिएशननंतर सगळ्यांच्या मानेवर शस्त्रक्रिया करायची, की बारा आठवड्यांनी पेट-सीटी काढून गरज असेल त्याच्यावरच करायची? दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखं राहिलं. शस्त्रक्रिया मात्र पहिल्या गटात २२१ आणि दुसऱ्यात फक्त ५४ झाल्या. आपल्याकडे मान-घशाचे कर्करोग भरपूर असल्याने हा निकाल महत्त्वाचा आहे, जरी त्या चाचणीतले बहुतेक कर्करोग एचपीव्ही विषाणूशी जोडलेले होते आणि आपले बहुतेक तंबाखूचे आहेत.

आता त्या भरड चित्रांकडे.

फुफ्फुसाचा कर्करोग लक्षणं दिसेपर्यंत बहुधा पसरलेला असतो. साध्या एक्स-रेने तपासणी करून मृत्यू कमी होत नाहीत, हे जुन्या चाचण्यांनी दाखवून दिलं होतं. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लॉडिया हेन्श्की आणि सहकाऱ्यांनी धूम्रपान करणाऱ्या एक हजार लोकांचा कमी डोसचा सीटी काढून एक्स-रेपेक्षा कितीतरी अधिक लहान गाठी दाखवल्या. लहान गाठ सापडणं म्हणजे जीव वाचणं नव्हे. ते ठरवायला अमेरिकेने ५३,४५४ लोकांची चाचणी उभी केली. वय ५५ ते ७४, आणि रोज एक पाकीट याप्रमाणे निदान तीस वर्षं ओढलेली सिगारेट. एका गटाला तीन वर्षं दरवर्षी कमी डोसचा सीटी, दुसऱ्याला एक्स-रे. २०११ मध्ये निकाल आला : सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी. हा डोस सुमारे दीड मिलिसिव्हर्ट होता, नेहमीच्या छातीच्या सीटीचा जेमतेम पाचवा हिस्सा. चित्र दाणेदार येतं, यकृतासारख्या अवयवाचं त्यात काही खरं नसतं. पण हवेने भरलेल्या काळ्या फुफ्फुसात पांढरा ठिपका ओळखायला ते पुरतं.

याच चाचणीने दुसरी बाजूही उघडी केली. तीन फेऱ्यांत सीटीचे जवळजवळ चोवीस टक्के निकाल संशयास्पद निघाले आणि त्यांतल्या ९६ टक्क्यांहून अधिक वेळा कर्करोग नव्हता. प्रत्येक संशयामागे पुन्हा स्कॅन, कधी बायोप्सी, क्वचित विनाकारण शस्त्रक्रिया, आणि झोप उडालेलं घर.

हे कोडं सोडवलं ते नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या ‘नेल्सन’ चाचणीने, आणि कुठलंही नवं यंत्र न आणता. त्यांनी गाठीचा व्यास सोडून घनफळ मोजलं. सहा मिलिमीटरची गाठ साडेसात मिलिमीटर झाली तर डोळ्याला तो फरक मोजण्यातली चूक वाटेल. पण व्यास २६ टक्क्यांनी वाढला की घनफळ दुप्पट होतं. पन्नास घन मिलिमीटरहून लहान गाठ सोडून द्यायची, पाचशेहून मोठी असेल तर पुढच्या तपासणीला पाठवायची, आणि मधलीला लगेच संशयित न ठरवता तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं. चारशे दिवसांच्या आत दुप्पट होण्याच्या वेगाने वाढत असेल तरच ती घातक धरायची. २०२० मध्ये दहा वर्षांचा हिशेब आला : पुरुषांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी, थोड्या संख्येने असलेल्या स्त्रियांत घट त्याहून जास्त, आणि संशयास्पद निकाल फक्त दोन टक्क्यांच्या आसपास. चोवीसवरून दोनवर. धीर धरून दोन चित्रांतला फरक मोजल्याने जे साधलं, ते एकाच चित्राकडे कितीही बारकाईने पाहून साधलं नसतं. कर्करोग हा वाढीचा रोग आहे आणि वाढ एका फोटोत दिसत नाही, हे इतक्या उशिरा यंत्रणेत बसावं याचं आश्चर्य वाटतं. अमेरिकेने २०२१ मध्ये वयाची अट पन्नासवर आणली. इंग्लंडमध्ये २०१९ पासून बाजारपेठांच्या वाहनतळांवर सीटीच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. माणूस भाजी घ्यायला जातो तिथेच स्कॅन. तैवानने २०२२ मध्ये एक पाऊल पुढे टाकून सिगारेट न ओढणाऱ्या, पण घरात हा रोग झालेल्यांनाही तपासणीत घेतलं, कारण आशियात धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही हा कर्करोग बराच आढळतो.

मग हेच महाराष्ट्रात का नको? जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षय बरा होताना फुफ्फुसात गाठी आणि व्रण ठेवून जातो. सीटीत ते कर्करोगाच्या लहान गाठीसारखे दिसतात, आणि सक्रिय क्षय पेट-सीटीत चमकतोही. इथे धोका दोन्ही बाजूंनी आहे. क्षयाच्या जुन्या खुणेला कर्करोग समजून सुई टोचली जाते, आणि उलट, कर्करोगाला क्षय समजून महिनोन्महिने क्षयाच्या गोळ्या चालू राहतात. दुसरी गोष्ट फारशी घडत नाही असं कुणी सांगितलं तर छातीच्या कुठल्याही कर्करोगतज्ज्ञाला विचारून पाहावं. शिवाय तीस वर्षांच्या पाकिटांचा अमेरिकी हिशेब बिडीला, चुलीच्या धुराला आणि मिश्रीला कसा लावायचा? नेल्सनचं गणित मात्र इथेही चालू शकतं, कदाचित जास्तच : क्षयाचा जुना व्रण वाढत नाही.

सार्वत्रिक तपासणीचा प्रश्न मी वेगळ्या बाजूने पाहतो. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळतो तो तोंडाचा कर्करोग, आणि तो टॉर्चने दिसतो. स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत प्रत्येकी सुमारे दीड लाख स्त्रियांच्या दीर्घ चाचण्या चालवल्या. शालेय शिक्षण झालेल्या स्थानिक स्त्रियांना तयार करून, सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी तपासलं, तर त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला. तुलनेसाठीच्या गटाला तपासणी दिली नाही म्हणून त्या चाचणीवर टीकाही झाली आणि ती गैरलागू नव्हती. हातांनी स्तन तपासण्याच्या चाचणीचा वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला. सर्व वयांत मिळून फरक निर्णायक नव्हता, पण पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास तीस टक्के कमी झाले. अमेरिकेतल्या सीटीच्या वीस टक्क्यांशेजारी हे आकडे ठेवून पाहावेत. सरकारी पैसा मर्यादित असेल तर निरोगी माणसांच्या तपासणीत तो आधी टॉर्च, हात आणि प्रशिक्षण यांवर जावा, आणि सीटी रोगाचा संशय आलेल्या माणसाला लवकर मिळावा. तालुक्याच्या गावातून आलेल्या रुग्णाला कॉन्ट्रास्ट सीटीच्या तारखेसाठी थांबावं लागणं हा मला तपासणी मोहीम नसण्यापेक्षा मोठा दोष वाटतो.

तंत्रज्ञान तोवर थांबलेलं नाही. सध्याची सर्वांत मोठी उडी आहे फोटॉन मोजणारा सीटी. नेहमीच्या सीटीत एक्स-रे आधी एका पदार्थावर पडून प्रकाश निर्माण करतात आणि त्या प्रकाशाची वीज होते. पोचलेल्या सगळ्या ऊर्जेची एकच बेरीज हाती येते. गल्ल्यात एकूण किती रुपये जमले ते कळावं, पण नोटा कुठल्या आणि नाणी किती ते कळू नये, तसं. नव्या यंत्रात कॅडमियम टेल्युराइडचे स्फटिक असतात. एक्स-रेचा कण त्यावर आदळताच थेट विजेचा ठोका उमटतो, कण एकेक मोजला जातो आणि त्याची ऊर्जाही नोंदली जाते. ऊर्जा कळली की आयोडीन वेगळं काढता येतं, म्हणजे गाठीत कॉन्ट्रास्ट किती शिरलं याचा नकाशा मिळतो. यंत्राची स्वतःची खरखर जवळजवळ नाहीशी होते, आणि ०.२ मिलिमीटरपर्यंतचे छेद घेता येतात. सीमेन्सच्या अशा पहिल्या यंत्राला अमेरिकी औषध प्रशासनाने ३० सप्टेंबर २०२१ रोजी मान्यता दिली. मज्जापेशींच्या मायलोमात हाडांतली बारीक छिद्रं, यकृतातल्या फिकट गाठी यांत त्याचा उपयोग दिसू लागला आहे. मात्र या चित्रांमुळे रुग्ण जास्त जगले, असं सांगणारी मोठी चाचणी अजून समोर नाही. यंत्र सुरेख आहे, पण पुरावा अजून चित्रांपुरताच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा मोठा आहे आणि तिच्या दोन भूमिका लोक एकत्र करतात. एक म्हणजे चित्र बांधणं : कमी डोसमधली दाणेदार चित्रं शिकवलेल्या संगणकाने गुळगुळीत करणं. अशी सोय असलेली यंत्रं २०१९ पासून बाजारात आहेत. चित्र खरोखर देखणं होतं. पण डोस फार उतरवला तर यकृतातली लहान फिकट गाठ त्या देखणेपणात पुसली जाऊ शकते. दुसरी भूमिका गाठ शोधण्याची. फुफ्फुसातल्या ठिपक्यांत हे काम आता चांगलं होतं. मुंबईतली क्युअर डॉट एआय ही कंपनी छातीच्या एक्स-रेपासून या क्षेत्रात आहे. २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी कॉन्ट्रास्टशिवायच्या साध्या सीटीवरून स्वादुपिंडाचा कर्करोग ओळखणारी प्रणाली दाखवली. वीस हजारांहून अधिक रुग्णांत तिने सुमारे ९३ टक्के कर्करोग पकडले, आणि निरोगी माणसाला चुकून रोगी ठरवण्याचं प्रमाण हजारात एक. थक्क करणारं काम. आता हाच आकडा आपल्या लोकसंख्येवर ठेवा. भारतात हा कर्करोग वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. एक लाख निरोगी लोकांना तपासलं तर एक-दोन खरे रुग्ण मिळतील आणि शंभर जणांना विनाकारण स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धक्का बसेल. दुसऱ्या कारणाने आधीच काढलेल्या स्कॅनवर मागून नजर टाकायला ही प्रणाली उत्तम. रांगा लावून स्कॅन काढण्याचं ते निमित्त होऊ नये.

कारण स्कॅन फुकट नाही, पैशानेही नाही आणि शरीरालाही नाही. पोटाच्या एका सीटीचा डोस साधारण आठ-दहा मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळतो तेवढा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने गणित मांडलं, की तिथे २०२३ मध्ये सहा कोटींहून अधिक लोकांचे नऊ कोटींहून जास्त सीटी निघाले, आणि त्यातून पुढे सुमारे एक लाख तीन हजार कर्करोग उद्भवू शकतात. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि गृहीतकांवर वाद आहे. पण गरजेचा स्कॅन नाकारू नये आणि हौसेचा स्कॅन करू नये, एवढं त्यातून नक्की निघतं. उपचार चालू असलेल्या कर्करोगाच्या रुग्णाला हा धोका जवळजवळ विसरता येतो. चाळिशीतल्या, काही त्रास नसलेल्या माणसाने ‘एकदा सगळं बघून घेऊ’ म्हणून पूर्ण शरीराचा सीटी काढावा, याला माझ्या लेखी वैद्यकीय आधार नाही. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत अशी दुकानं जोरात चालली होती आणि तिथल्या औषध प्रशासनाला त्याचा सिद्ध फायदा नाही असं लोकांना सांगावं लागलं. आपल्याकडे यंत्राला परवाना देण्याचं काम मुंबईच्या अणुशक्तीनगरातलं अणुऊर्जा नियामक मंडळ करतं. स्कॅन मुळात लागतो का, हे मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं असतं.

रेडिएशन उपचारांत सीटी काय करतो हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हाउन्सफिल्डच्या आकड्यांवरूनच कुठल्या भागात किती डोस मुरेल ते काढलं जातं, आणि श्वासागणिक हलणारी फुफ्फुसातली गाठ वेळेसकट टिपणारे स्कॅन निघाल्यामुळे भोवतालचं निरोगी फुफ्फुस वाचवता येतं, एवढंच इथे.

रुग्णाच्या हातात यातलं थोडंच असतं. मशीन किती स्लाईसचं हे विचारण्याऐवजी स्कॅन कशासाठी आहे आणि कॉन्ट्रास्टचे कुठले टप्पे घेणार आहेत ते विचारा. रिपोर्टसोबत मिळणाऱ्या मोठ्या फिल्मवर शेकडो छेदांतले निवडक तेवढेच असतात. पूर्ण स्कॅन सीडीत किंवा पेनड्राइव्हवर असतो, आणि घरातल्या कपाटात तो फिल्मपेक्षा आधी हरवतो. तो जपा. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच पद्धतीने करा, जाताना आधीची सीडी सोबत न्या, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही स्कॅनची तुलना, तारखा आणि मापांसकट, लिहून मागा.